आधी सतरंजी मोजा : गल्लीत पहिलं नाटक बसवणाऱ्यांसाठी

"यंदा आपण नाटक करायचं" असं जूनमधल्या एखाद्या रात्री कट्ट्यावर ठरतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुण्यात पाहिलेल्या नाटकाचं नाव काढतं. तिसऱ्या दिवशी नायक कोण यावरून दोघांचं वाजतं, आणि पंधरवड्यात विषय ऑर्केस्ट्रावर येऊन थांबतो. सांगलीत गेली तीसेक वर्षं मी हे बघतोय. त्यातली बरीचशी विंगेत उभं राहून: पडदा ओढत, दिवे लावत, विसरलेल्या वाक्याची पहिली दोन अक्षरं कुजबुजत. माझ्या अनुभवात नाटक पैशावाचून फारसं अडत नाही. आपण नाटक आधी निवडतो आणि त्यात बसणारी जागा, माणसं मागाहून शोधत फिरतो, तिथं घोडं पेंड खातं. उलट्या टोकानं सुरुवात केली तर पहिलं नाटक सहा आठवड्यांत उभं राहतं.

आपल्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात, त्याचं नवख्यांना उगीच दडपण येतं. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजवाड्यात 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा त्यांच्या हाताशी काय होतं ते बघा. आदल्या वर्षी कर्नाटकातून भागवत मंडळी येऊन खेळ करून गेली होती. संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी तो पाहिला आणि तसंच काही मराठीत, पण जरा नेटकं करायला भाव्यांना सांगितलं. भाव्यांनी पदं रचली. सूत्रधार ती गाणार, आणि पात्रं पदाचा धागा धरून आपली भाषणं जागच्या जागी जुळवणार. पाठ केलेली संहिता नव्हतीच. राक्षस 'अललल डुर्र' ओरडत यायचे, लोक दचकायचे. समोर दरबारातली माणसं. मिळालेलं दालन, मिळालेली माणसं आणि त्यांना जमेल असा खेळ. तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये याहून वेगळं काही करायचं नाहीये.

पहिलं काम: मोजपट्टी

नाटकाचं नाव न काढता दोघांनी जाऊन जागा मोजायची. समाजमंदिर असो, तालमीचा हॉल असो, शाळेचा वर्ग असो की देवळापुढचा मांडव. लांबी, रुंदी आणि छताची उंची, तिन्ही. छत नऊ फुटांचं आणि तुम्ही दोन फुटी स्टेज घातलंत, तर उंच पात्राच्या डोक्यावर पंखा फिरत असतो. हसू नका, आमच्याकडे एका दरबारी फेट्याचा तुरा असाच गेलाय.

समजा हॉल वीस बाय चाळीस, म्हणजे ८०० चौरस फूट. खेळायला चौदा फूट खोली धरली की २८० गेले. मागच्या पडद्याआड पात्रांना इकडून तिकडे जायला चार फूट, म्हणजे आणखी ८०. उरले ४४०. सतरंजीवर मांडी घालून बसणाऱ्याला सहा-सात चौरस फूट लागतात, येण्याजाण्याची वाट धरून. म्हणजे साठ ते सत्तर माणसं. दोनशे नाहीत. "अडजस्ट करू" म्हणणारा कार्यकर्ता प्रत्येक मंडळात असतो. त्याला दारात उभं करा, प्रयोगाला वाट मोकळी ठेवायचं काम द्या. लोक जास्त येणार असतील तर साडेसहाला एक आणि साडेआठला एक असे दोन प्रयोग करा.

आता खाली बसून बघा. सपाट जमिनीवर तिसऱ्या ओळीतल्या माणसाला समोरच्यांची डोकी आणि त्यावर पात्राचा कमरेवरचा भाग दिसतो. म्हणून दीड ते दोन फूट उंचीचं स्टेज घ्या, मांडववाल्याकडे त्याचे लेव्हल, म्हणजे जोडून लावायचे लाकडी चौथरे, मिळतात. प्रेक्षक असे बसवा: पुढं पोरं आणि म्हातारी माणसं सतरंजीवर, त्यामागं खुर्च्या, सगळ्यात मागं उभे. स्टेज घालता येत नसेल तर नाटकात कुणी जमिनीवर बसणार नाही हे आत्ताच ठरवा. पंगतीचा, भजनाचा, आजारी माणसाच्या अंथरुणाचा प्रवेश मग विसरा. अंथरूण हवंच असेल तर खाट आणा.

शाळेचे बाक जोडून केलेलं स्टेज टाळा. एका वर्षी आम्ही बाकांवर प्लायवूड टाकलं, दोन बाक बांधायचे राहिले, आणि सासरेबुवा संतापून पाय आपटायला आणि फट उघडायला एकच गाठ पडली. मांडीपर्यंत आत गेले. प्रेक्षकांना ते नाटकातलंच वाटलं, टाळ्या पडल्या. पाय सुजला तो मात्र खरा.

गावाकडं यात्रेत दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या फाळके (बाजूच्या फळ्या) पाडून शेजारी शेजारी लावतात. चांगलं स्टेज होतं ते, फक्त चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि मधल्या सांध्यावर फळी ठोका. उघड्यावर वारा कुठून येतो तेही संध्याकाळी उभं राहून बघा. मागचा पडदा वाऱ्याच्या तोंडावर आला की तो शिडासारखा फुगतो आणि पात्रांना पुढं ढकलतो. त्याला खालून बांबू शिवून घ्यायचा.

विजेची बटणं कुठं आहेत, मीटर कुठं आहे, बाईमाणसाला कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे का, पाण्याची सोय काय, शेजारी लग्नाचं कार्यालय आहे का, हेही त्याच फेरीत लिहून आणा.

माणसं मोजा, मग नाटक

कट्ट्यावर पंधरा जण हो म्हणतात. रोज तालमीला येणारे पाच निघतात. म्हणून हो म्हणणाऱ्यांना आठवडाभर रोज साडेआठला नुसतं जमायला सांगा. काही वाचा, गप्पा मारा, खेळ खेळा. सातव्या दिवशी जे वेळेवर आलेत, ते तुमचं नाटक. चार ते सहा पात्रं, तीस ते चाळीस मिनिटं, एकच जागा, म्हणजे घराची खोली, एसटी स्टँड, हळदीचं गोदाम, काहीही. पहिल्या खेपेला याच्यापुढं जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. दोन अंकी नाटकाचा मोह पुढच्या वर्षावर ढकला.

बायका-मुलींनी यावं असं वाटत असेल तर वेळ त्यांना विचारून ठरवा. रात्री साडेनऊला सुरू होणारी तालीम ही पुरुषांनी पुरुषांसाठी ठरवलेली असते. आमच्या गल्लीत रविवारी दुपारी आणि एरवी संध्याकाळी सहा ते साडेसात अशी वेळ केली, तेव्हा तीन बायका आल्या. त्यांच्यापैकी एकीची सासू रोज सोबत येऊन बसायची, महिन्याभरात तिला सगळ्यांचं नाटक पाठ. शेवटी तीच प्रॉम्प्टर झाली आणि इतका चांगला प्रॉम्प्टर मला पुन्हा मिळाला नाही.

गावातल्या नाटकांत स्त्री पात्रांसाठी शहरातून नट्या बोलावण्याची जुनी पद्धत आहे. त्या येतात, एका तालमीत नाटक उचलतात आणि पुष्कळदा सगळ्यांत चांगलं काम करून जातात. बोलावणार असाल तर मानधन आधी ठरवा, निम्मं आगाऊ द्या, आणि रात्री परत सोडायला गाडी ठेवा. यात्रेच्या गर्दीतून त्यांना स्टेजपर्यंत नेण्याची जबाबदारी एका शहाण्या माणसावर टाका. शिट्ट्या मारणाऱ्यांना आयोजकांनी माइकवरून गप्प करायचं असतं. ते काम त्या बाईंचं नाही.

अभिनय करायचा नाही पण यायचंय, अशा माणसांना परत पाठवू नका. दिवे एक, आवाज एक, वस्तू सांभाळायला एक, पडदा एक आणि प्रेक्षकांकडं एक: पाच जण तिथंच लागतात.

काय खेळायचं

अगदीच नवखे असाल तर दोन माणसांच्या बतावणीनं सुरुवात करा. तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो. त्यातली बतावणी म्हणजे दोघांची थट्टेची, प्रश्नोत्तरांची झकाझकी. तिला नेपथ्य लागत नाही, पाठांतर फार लागत नाही, आणि समोरच्याचं ऐकून उत्तर द्यायची सवय लागते, जी नटाला सगळ्यांत आधी हवी. हे आपल्याच मातीतलं आहे. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे. विषय द्या: घरपट्टी भरायला गेलेला माणूस आणि खिडकीतला बाबू. पाच मिनिटं खेळवा. जे वाक्य हशा घेतं ते लिहून ठेवा, बाकीचं सोडा. तीन दिवसांत दहा मिनिटांची बतावणी तयार होते, आणि ती एखाद्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात करून बघता येते.

लिहिलेली एकांकिका घेणार असाल तर लेखकाची लेखी परवानगी आणि त्याचं मानधन, या दोन गोष्टी तालीम सुरू होण्याआधी. "आपलं काय, गल्लीतलं नाटक, कोण विचारतंय" हे बोलणं सोडून द्या. लेखकानं दोन महिने घालवून लिहिलेलं असतं आणि बहुतेक लेखक हौशी मंडळांना समजून घेतात, फोन तर करा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. त्यामुळं हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांची किंवा सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची मूळ नाटकं मोकळी आहेत. मात्र त्यांचं कुणी अलीकडं केलेलं संपादित रूप घेतलंत तर त्या संपादकाला विचारा. शिवाय जाहीर प्रयोग करायचा तर संहितेला महाराष्ट्र राज्य रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. छापील एकांकिकेच्या पुस्तकात पुष्कळदा त्याचा क्रमांक दिलेला असतो. स्वतः लिहिलेलं असेल तर अर्ज वेळेत करा, आदल्या आठवड्यात धावपळ नको.

आणि स्वतः लिहा असं मी सुचवीन. देवलांनी 'शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आणलं ते म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्याच्या चालीवर. प्रेक्षकांतल्या प्रत्येकाच्या माहितीत असं एखादं घर असणार. तुमच्या गल्लीतही प्रत्येकाला ठाऊक असलेलं काहीतरी असतंच: पुराच्या वेळी माळ्यावर काढलेली रात्र, द्राक्षबागेच्या कर्जापायी पुढं ढकललेलं लग्न, वाटणीत मधोमध भिंत घातलेला वाडा. एकच पथ्य, समोर बसणार असलेल्या माणसाला ओळखू येईल असं त्याचं पात्र करू नका. आम्ही एकदा केलं होतं. त्या गृहस्थांनी पुढची चार वर्षं वर्गणी दिली नाही, आणि त्यांचं चुकलं असं मला आज वाटत नाही.

लिहिताना भाषा आपली ठेवा. रोज "कुठं निघालायस?" विचारणारा मुलगा स्टेजवर चढला की "आपण कोठे निघाला आहात?" म्हणायला लागतो, त्याचा चेहराही मग शिक्षक दिनाच्या भाषणाचा होतो. आजी "हितंच बस की जरा" म्हणत असेल तर तेच लिहा. पण शहरातल्या मुलांनी ओढून-ताणून केलेली गावठी बोली त्याहून वाईट. ज्याच्या तोंडात जी आहे ती.

तालीम

सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, दीड ते दोन तास. पहिले चार-पाच दिवस गोल बसून नुसतं वाचन. कुणी अभिनय करायचा नाही, अर्थ लागेपर्यंत वाचायचं. मग जमिनीवर रांगोळीनं किंवा खडूनं खऱ्या मापाचं स्टेज काढा: दार कुठं, खाट कुठं, खिडकी कुठं. घरच्या अंगणात बसवलेल्या हालचाली वीस फुटांच्या स्टेजवर मावत नाहीत आणि तीस फुटांच्या स्टेजवर हरवतात. मोजमाप आधी केलं ते यासाठीच. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी हातातली वही खाली. त्या दिवशी सगळे रडकुंडीला येतात, तसं होतंच. पाचव्या आठवड्यात न थांबता सलग तालमी, आणि प्रयोगाच्या दोन दिवस आधी कपडे, दिवे, वस्तू यांसकट रंगीत तालीम, त्याच जागेत.

वस्तू पहिल्या दिवसापासून हातात द्या. खरा कप नसेल तर तांब्या चालेल, पण रिकाम्या हातानं चहा पिण्याची सवय लागली की प्रयोगात खऱ्या कपातला चहा अंगावर सांडतो.

आता आवाज. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण छोट्या नाटकाचा सगळ्यांत मोठा घोटाळा इथं होतो. नवखा नट वाक्य जोरात सुरू करतो आणि शेवटाकडं येईतो श्वास संपलेला असतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकार तर त्याच्याही मागं. "मी दादाला वाड्याचे कागद दिले" आणि "मी दादाला वाड्याचे कागद दिले नाहीत" यांत सगळं नाटक शेवटच्या शब्दात आहे, आणि आमचा नट नेमका तोच गिळतो. मागच्या ओळीतली मावशी शेजारणीला विचारते, "दिलं म्हणाला का नाही म्हणाला?" त्या दोघींच्या बोलण्यात पुढची चार वाक्यं जातात. म्हणून तालमीत एक माणूस कायम हॉलच्या दाराशी उभा करा. ज्या वाक्याचं शेपूट ऐकू येणार नाही, तिथं त्यानं नुसता हात वर करायचा. वाक्य परत. दहा दिवसांत सवय लागते.

सकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन बोलून बघा. वीस-पंचवीस पावलांवर उभ्या असलेल्या मित्राला ओरडून न सांगता ऐकू जायला हवं. ओरडलं की घसा बसतो आणि भावना एकच उरते, राग. छातीला हात लावून श्वास कुठं भरतोय बघा. खांदे वर जात असतील तर तो उथळ आहे. पोट पुढं आलं पाहिजे.

पाठांतर विसरणार, हे धरूनच चला. प्रत्येक पात्राला आपल्या प्रवेशाची गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगता आली पाहिजे, भाव्यांच्या पात्रांसारखी. वाक्य गेलं तरी गोष्ट हाताशी राहते. प्रॉम्प्टरनं पूर्ण वाक्य द्यायचं नाही, पहिले दोन शब्द, तेही नटानं विंगेकडं कान वळवल्यावर. मुद्दाम घेतलेल्या विरामात प्रॉम्प्टरनं घाई केली तर नट त्याला प्रयोगानंतर मारतो, आणि ते क्षम्य आहे.

दिवे, पडदे, आवाजाची यंत्रं

छोट्या हॉलला काळं कापड सर्वांत उपयोगी. मागं एक मोठा पडदा, दोन्ही बाजूंना दोन-दोन विंगा, झालं. जरीच्या साड्या, सोनेरी झालरी, थर्माकोलचे खांब हे सगळं नटांपेक्षा जास्त चमकतं. खोली दाखवायची तर एक दार, एक कपाट आणि एक कॅलेंडर पुरतं. पण कॅलेंडरचा महिना नाटकाशी जुळणारा लावा, पुढची ओळ तेच वाचत बसते.

दिवे भाड्यानं मिळतात. सहा एलईडी पार (डब्याच्या आकाराचे स्टेजचे दिवे) पुरेत: चार पुढून, दोन मागून. पुढचे थेट तोंडावर मारू नका, दोन्ही बाजूंनी तिरके आणि वरून येऊ द्यात, नाहीतर चेहरे पापडासारखे सपाट दिसतात. लाल-निळे रंग फिरवायचा मोह आवरा, ते डीजेच्या गाडीवर शोभतं. जुने हॅलोजन मिळाले तर हिशोब लक्षात ठेवा: एक हजार वॅटचा एक दिवा साधारण साडेचार अँपिअर ओढतो. घरगुती छोट्या प्लगवर असा एकच, मोठ्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर फार तर तीन. कूलर आणि चहाची इलेक्ट्रिक किटली त्याच लाइनवर लावणाऱ्याला आधी शोधून काढा. वीज जाणारच आहे असं समजून दोन चार्जिंगचे दिवे विंगेत ठेवा. वीज गेली तर नटांनी थांबायचं नाही, दिवे हातात धरून पुढं न्यायचं.

शंभर माणसांच्या आत माइक लावू नका. उघड्यावर लावावाच लागला तर स्टेजच्या पुढच्या कडेला दोन आणि वरून टांगलेला एक. नटानं माइककडं धावत जाऊन वाक्य टाकायचं आणि परत भांडायला मागं यायचं, हे दृश्य यात्रेत मी इतक्यांदा पाहिलंय की मला आता त्याचीही मजा वाटते.

संगीत मोबाइलवरून वाजवणार असाल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका. आमच्या एका प्रयोगात आजोबांनी प्राण सोडला, बासरी सुरू झाली, आणि बासरीच्या मधोमध एका गृहकर्जवालीचा फोन आला. स्पीकरवर. आजोबा मेल्या जागी हसू दाबत थरथरत होते.

ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी लागते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद. त्यामुळं चाळीस मिनिटांचं नाटक साडेआठला सुरू करा. सण-उत्सवातले काही दिवस बारापर्यंत सूट असते, ते दिवस दरवर्षी जाहीर होतात. प्रसिद्ध सिनेगीतं वापरायला वेगळा परवाना लागतो. गल्लीतला पेटीवाला आणि तबलजी त्यापेक्षा स्वस्त पडतात आणि नटाच्या चालीनं थांबतात.

नेपथ्याचं सामान नदीकाठच्या तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमचे दहा वर्षांचे पडदे, फ्लॅट (भिंती दाखवायच्या कापडी चौकटी) आणि एक सिंहासन चिखलात गेलं. सिंहासन नंतर वाळवून वापरलं, त्याला अजून वास येतो. तेव्हापासून सगळं माळ्यावर.

पैसे

अप्पासाहेब १८५१ मध्ये वारले आणि भाव्यांच्या नाटकांचा राजाश्रय आटला. मग भाव्यांनी मंडळी घेऊन दौरे काढले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. तुम्हालाही नगरसेवकाच्या देणगीवर सगळं नाटक उभं करायचा मोह होईल. घ्या देणगी, पण निम्मा खर्च तरी प्रेक्षकांकडून निघेल असं बघा. देणगी प्रवेशिका काढा, रक्कम एका भेळेएवढी ठेवा. पैसे देऊन आलेला माणूस मोबाइल कमी बघतो, हे मी दोन्ही तऱ्हांनी करून पाहिलंय.

खर्च या क्रमानं धरा: लेखकाचं मानधन, जागेचं भाडं, दिवे आणि स्टेज, रंगभूषाकार, कपड्यांची धुलाई, चहा. चहाचा आकडा दरवेळी अंदाजाच्या दुप्पट निघतो. जमाखर्च तालमीच्या हॉलमध्ये भिंतीवर लावा, रोज. नाटकानंतर मंडळं फुटतात ती भूमिकेवरून कमी आणि हिशोबावरून जास्त.

प्रयोगाचा दिवस

सहा तास आधी स्टेज, चार तास आधी दिवे, अडीच तास आधी रंगभूषा. छोट्या हॉलमध्ये पुढची ओळ पाच फुटांवर असते, तिथं पॅनकेक, म्हणजे तोंडाला लावायचा रंग, जाड लावला की चुन्यासारखा दिसतो. हलका हात, डोळे आणि भुवया तेवढ्या ठळक. पांढरे केस करायला पावडर वापरलीत तर पंख्याखाली जाऊ नका. तासभर आधी सगळ्या वस्तू एका टेबलावर, प्रत्येकीच्या जागी तिच्या नावाचा कागद. वस्तू वापरून झाली की परत त्याच कागदावर.

नटराजाची पूजा करा, नारळ फोडा, पण स्टेजवर नको. पाणी पुसलं नाही तर पहिलाच प्रवेश घसरून होतो. उदबत्ती पडद्यापासून लांब, आणि वाळूची एक बादली विंगेत.

मग येतात सत्कार. याला तोंड देण्याची तयारी महिनाभर आधी करा. नाटक चाळीस मिनिटांचं आणि शाल-श्रीफळ पन्नास मिनिटांचं, असे प्रयोग आपल्याकडं शेकड्यानं होतात. नट रंग लावून घामानं निथळत आत बसलेले, पोरं झोपलेली, आणि बाहेर "दोन शब्द" चाललेले. आमचा तोडगा असा: मान्यवरांची नावं दारातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत, त्यांचा सत्कार नाटकानंतर, आणि निमंत्रण देतानाच हे हात जोडून सांगायचं. नाटकानंतर सत्कार म्हटल्यावर ते शेवटपर्यंत थांबतात, हा वरचा फायदा. त्यांच्यासाठी पुढं आणून ठेवलेले सोफे मात्र काढा. सोफ्याच्या पाठीमागच्या दोन ओळींना नुसती रेक्झिन दिसते.

तीन घंटा द्या. पहिली पंधरा मिनिटं आधी, दुसरी पाच, तिसऱ्या घंटेला पडदा. हॉल अर्धा रिकामा असला तरी. एकदा वेळेवर सुरू केलंत की पुढच्या वर्षी लोक वेळेवर येतात. प्रयोगात बाळ रडलं तर नटानं क्षणभर थांबावं, रागानं बघू नये. त्या बाईला घराबाहेर पडायला हा एवढाच वेळ मिळाला असेल.

प्रयोगानंतर

त्याच रात्री सगळं उतरवा. सकाळी कुणी येत नाही. भाड्याच्या वस्तूंची यादी आणताना केली होती ती काढून एकेक खूण करा. दिव्यांच्या वायरी आणि मांडववाल्याच्या सतरंज्या हमखास कमी भरतात.

कौतुक करणारे त्या रात्री भेटतातच. तीन दिवसांनी मात्र मागच्या ओळीत बसलेल्या दोन-तीन माणसांना घरी जाऊन विचारा: काय ऐकू आलं नाही, कुठं कंटाळा आला, कोण कुणाचं कोण हे कळलं का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण "ती बहीण होती होय? मला वाटलं बायको" असं हमखास निघतं.

आणि लगेच दुसरा प्रयोग ठरवा. वृद्धाश्रम, शेजारच्या गल्लीचा हॉल, मामाच्या गावची यात्रा. दिवे-पडदे कमी करून, दोन बॅगांत मावेल एवढ्या सामानावर. पहिल्या प्रयोगात नट स्वतःला सावरत असतो. दुसऱ्यात त्याला समोरचं पात्र दिसायला लागतं. मध्ये महिना गेला की नाटक विस्कटतं, म्हणून पंधरा दिवसांच्या आत.

दरम्यान बघायला जा. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सांगली केंद्रावर होते तेव्हा हौशी मंडळांची दोन अंकी नाटकं ओळीनं बघता येतात, तिकीट अगदी थोडं असतं. भावे नाट्यमंदिरात मागच्या ओळीत बसा आणि एक रात्र फक्त प्रकाश बघा, एक रात्र फक्त हालचाली. सातारकरांनी शाहू कलामंदिरात हेच करावं. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, सांगलीत विष्णुदास भावे गौरव पदक दिलं जातं, त्या गर्दीत एखाद्या जुन्या रंगकर्मीशेजारी जागा मिळाली तर मध्यंतरात चहा पाजा आणि गप्प बसून ऐका.

दुसऱ्या प्रयोगाची जागा मिळाली की दोघांनी जायचं, मोजपट्टी घेऊन. छताची उंची विसरू नका, आणि पंखा कुठं आहे ते बघा.